पुस्तकांचं शेल्फ डावीकडे-उजवीकडे झुलतंय, टाकून न देता घट्ट करता येईल का?

कोपऱ्यातली_वाचक:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय आणि थोडी घाईचीच आहे. दोन वर्षांपूर्वी एक बुकशेल्फ ऑनलाइन मागवलं होतं, ते खोक्यात सुट्या फळ्या येतात आणि घरी आपणच जोडायचं त्यातलं. उंची १८० सेंमी, रुंदी ८०, खोली ३०, पाच कप्पे, आतून भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड आणि वरून लॅमिनेट. जोडलं तेव्हा बऱ्यापैकी घट्ट होतं. एप्रिलमध्ये आम्ही कोथरूडमधून वारज्याला भाड्याच्या घरात आलो तेव्हा सामान हलवणाऱ्यांनी ते न खोलता तसंच उचललं आणि जिन्यावरून एका बाजूने ओढत आणलं, तेव्हापासून हात लावला की झुलतं. सगळे स्क्रू त्या सहाकोनी किल्लीने परत आवळून झाले, त्यातले दोन तर नुसतेच गोल फिरतात, पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

सुताराला दाखवलं, तो म्हणाला ताई हे भुशाचं आहे, याला काही करता येत नाही, प्लायचं नवीन करून घ्या. पण सध्या तेवढे पैसे काढायचे नाहीयेत आणि खरं सांगायचं तर यावर बाबांची पुस्तकं आहेत, ते गेल्यावर सांगलीहून आणलेली, ती पुन्हा खोक्यात भरून माळ्यावर टाकायची माझी अजिबात तयारी नाही. जागा कमी म्हणून एका कप्प्यात पुढे-मागे अशा दोन ओळी लावल्यात, वरच्या कप्प्यात बाबांनी जपलेल्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे आणि ती आता फळ्या धरून चढायला बघते, म्हणून जास्त धास्ती. घरमालकांनी भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं आधीच सांगितलंय. काय करू?

रंधा_पटाशी:

ताई, आधी एक काम करा, मुलीला त्या खोलीत एकटं सोडू नका आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आजच्या आज वरून काढून सगळ्यात खालच्या कप्प्यात टाका. बाकीचं नंतर बोलू.

आता दुरुस्तीचं. शेल्फ हलतं म्हणजे नक्की कसं हलतं ते बघितल्याशिवाय स्क्रू आवळत बसण्यात अर्थ नसतो. माझे वडील सुतार होते, ते कुठल्याही हलणाऱ्या वस्तूला आधी हात लावून नुसतं हलवून बघायचे, बराच वेळ. मी पण तेच करतो. वरच्या कोपऱ्याला एक बोट लावा आणि बाजूला ढकला. जर सगळं शेल्फ तिरकं होत असेल, म्हणजे चौकोनाचा कलता चौकोन होत असेल पण पाय जमिनीला चिकटून असतील, तर दोष मागच्या पत्र्यात, म्हणजे ती पातळ पाठ असते ना हार्डबोर्डची, तिच्यात. जर एक पाय उचलला जाऊन टकटक असा आवाज येत असेल तर दोष फरशीत. आणि जर पुढे-मागे झुकत असेल तर भिंतीपासूनच्या अंतरात. तिन्हीला औषध वेगळं आहे आणि लोक तिन्हीला पुठ्ठाच लावतात.

पाठीमागे जाऊन मोबाइलच्या टॉर्चने बघा आणि सांगा, पाठीच्या चुका बाहेर आल्यात का, पाठ कुठे फुगलीय का.

कोपऱ्यातली_वाचक:

गठ्ठे खाली ठेवले, तेवढ्यानेच थोडं शांत वाटतंय. पाठीमागे बघितलं, तुम्ही म्हणालात तसंच आहे. डावीकडच्या बाजूच्या जवळपास सगळ्या चुका निसटल्यात, काही तर खाली फरशीवर पडलेल्या सापडल्या, आणि पाठ मधोमध घडीच्या ठिकाणी बाहेर आलीय. ढकललं की बाजूला तिरकं होतं, पाय जागेवर राहतात. आणि एक, उजवीकडचा पाय पण किंचित टकटक करतो, ती खोली बाल्कनीला लागून आहे आणि फरशीला तिकडे उतार दिसतोय.

रंधा_पटाशी:

मग काळजी करू नका, हे नक्की दुरुस्त होतं. सुतारदादा भुशाचं म्हणाले ते खरं आहे पण याला काही करता येत नाही हे मला पटत नाही.

ती पाठ जेमतेम ३ मिमीची असते म्हणून लोकांना वाटतं ती धूळ अडवायला लावलीय. तसं नाहीये. चार फळ्या कोपऱ्यात जोडल्या की चौकट होते पण चौकट कितीही आवळली तरी बाजूने ढकलली की कलतेच, कारण ताकद सगळी त्या चार कोपऱ्यांतल्या इवल्याशा जोडावर येते. पाठ चारी बाजूंनी पक्की ठोकली की ती कलू देत नाही, पातळ असली तरी तिच्या स्वतःच्या पातळीत ती ताणायला किंवा चेपायला फार अवघड असते. म्हणजे शेल्फचा कणा तीच. तुमचं शेल्फ एका बाजूने ओढलं तेव्हा डावीकडच्या चुका उपटल्या गेल्या आणि कणाच सुटला, आता तुम्ही पुढून स्क्रू कितीही आवळा.

असं करा. पुस्तकं सगळी काढा, शेल्फ दोघांनी धरून जुन्या चादरीवर तोंडघशी आडवं करा, पाठ वर येईल. जुनी पाठ काढून टाका. आता टेपने दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि मग उलटं. १८० बाय ८० ला कर्ण साधारण १९७ सेंमी यायला पाहिजे पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. एक १९८ आणि दुसरा १९६ आला तर शेल्फ कलंडलेलं आहे, आणि याच अवस्थेत पाठ ठोकली तर ते कायमचं वाकडं राहील. ही चूक फार जण करतात. जो कर्ण लांब असेल त्या दोन कोपऱ्यांना सुतळीचा दुहेरी फेरा घाला, मध्ये पेन्सिल किंवा चमच्याचा दांडा अडकवून पीळ देत जा, हळूहळू तो कर्ण आखडतो. दोन्ही सारखे झाले की पीळ तसाच धरून ठेवा आणि पाठ लावा.

पाठीला परत तेच हार्डबोर्ड नको. ६ मिमीचा प्लाय घ्या. प्लायच्या दुकानात ८ बाय ४ फुटांची पूर्ण शीट देतात पण कटपीस मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो, मापाला कापूनही देतात. प्रत्येक बाजूने २ मिमी कमी कापायला सांगा म्हणजे बाजूने कडा दिसणार नाही. चुका अजिबात मारू नका, भुशाच्या कडेत चूक टिकत नाही, शिवाय एक तिरकी गेली की फळीच्या पोटातून बाहेर येते. बारीक पाऊण इंची स्क्रू घ्या, आधी २ मिमीच्या बिटने भोक पाडा, फळीच्या जाडीच्या बरोबर मध्ये, आणि साधारण १५ सेंमीवर एक असे चारी बाजूंनी. मधली जी फळी पक्की असते, हलवता येत नाही ती, तिच्यातही चार-पाच मारा. सगळे मिळून ४० च्या आसपास लागतील. हाताने आवळा, मशीनने आवळलंत तर भुशातले आटे तिथल्या तिथे जातात.

खाडीकाठचा:

वरच्यांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त ते दोन गोल फिरणारे स्क्रू, त्याबद्दल लिहितो कारण मी हे स्वतः केलंय.

ते मिनिफिक्स असणार, एका फळीत खिळ्यासारखी डोकं असलेली दांडी आणि दुसऱ्या फळीत पंधरा मिमीची गोल चकती जी फिरवली की ते डोकं पकडून आत ओढते. फिरवण्याआधी चकतीवरचा बाण दांडी जिथून येते त्या भोकाकडे असायला पाहिजे, नाहीतर डोकं तिच्यात शिरतच नाही आणि ती आयुष्यभर फिरत राहते. आधी ते तपासा, फुकटचं काम आहे. बाण बरोबर असूनही फिरत असेल तर दांडीचे आटे भुशातून सुटलेत. दांडी बाहेर काढा, भोकातला मोकळा भुसा फुंकून टाका, फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दात कोरायच्या काड्या त्यात गच्च ठासा, वर आलेला भाग कापा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. मग बारीक भोक पाडून दांडी परत फिरवा. भोक फारच खचलं असेल तर एम-सील भरून तेच करायचं, ते अजून टणक होतं.

फेविकॉलबद्दल एक, लोक कोपऱ्यात बाहेरून ओतून ठेवतात. लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो धरतच नाही, फक्त उघड्या भुशाला किंवा लाकडाला धरतो. लाकडी गुल्ल्या ज्या असतात ना जोडामध्ये, त्या काढून त्यांना फेविकॉल लावून परत बसवल्यात तर मात्र फरक जाणवतो, फक्त मग ते शेल्फ परत खोलता येणार नाही हे लक्षात ठेवा, भाड्याचं घर आहे, पुन्हा हलवायची वेळ येईल. मी असतो तर गुल्ल्या कोरड्याच ठेवल्या असत्या आणि सगळा भरवसा पाठीवर टाकला असता.

आणि खालच्या कडा बघा. आमच्याकडे कोकणात हे शेल्फ सगळ्यात आधी बुडातून जातं. फरशी पुसताना पाणी लागतं, कड फुगते, भुसा एकदा फुगला की परत बसत नाही आणि त्यातले स्क्रू मोकळे होतात. पायाखाली रबराचे बुश ठोका म्हणजे जमिनीपासून निदान एक सेंमी उचललं जाईल. पाऊस बाहेरून झोडपतो त्या भिंतीला शेल्फ लावायचं नाही, ओल येते आणि पुस्तकांना आधी बुरशी धरते.

सॅनहोजेची_मावशी:

मी लांबून लिहितेय पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, इकडे भूकंपामुळे उंच कपाट भिंतीला बांधायचं हे घर लागलं की पहिल्या आठवड्यात करायचं काम असतं. पण ताई, तुमच्याकडे भूकंपाचा प्रश्न नाहीये, तुमच्याकडे अडीच वर्षांची मुलगी आहे, आणि मला वरच्या सगळ्या उत्तरांत हे पुढे आलेलं हवंय: डुगडुगणं थांबलं म्हणजे शेल्फ पडणार नाही असं अजिबात नाही. डुगडुगणं बाजूचं असतं, पडणं पुढच्या बाजूला असतं. नवी पाठ लावून ते दगडासारखं घट्ट होईल आणि तरीही मूल तिसऱ्या फळीवर चढलं तर ते अख्खं तिच्या अंगावर येऊ शकतं. ३० सेंमी खोल आणि १८० उंच वस्तू, म्हणजे उंचीच्या सहावा भाग बूड.

वजनाचा हिशोब सांगते म्हणजे अंदाज येईल. ८० सेंमीच्या फळीवर नेहमीच्या आकाराच्या पुस्तकांची एक ओळ साधारण १५ ते २० किलो भरते. तुम्ही दोन ओळी लावल्यात, म्हणजे एका कप्प्यात ३० च्या वर, पाच कप्पे म्हणजे दीडशे किलोच्या पुढे. दोन ओळी लावल्या की पुढची ओळ अगदी कडेवर येते आणि सगळा भार पुढे सरकतो. माझी कळकळीची विनंती, वरच्या दोन कप्प्यांत तरी एकच ओळ ठेवा, मागे सरकवून.

घरमालकांशी बोला. भोक म्हटलं की लोकांना भिंतभर खिळे दिसतात. त्यांना सांगा की शेल्फच्या मागे झाकली जाणारी फक्त दोन भोकं, ८ मिमीची, घर सोडताना पुट्टी भरून रंगाचा हात मारून देऊ, आणि कारण सांगा, लहान मूल आहे. लेखी मेसेज करा. बहुतेक माणसं याला नाही म्हणत नाहीत.

भाडेकरू_पुणेकर:

मावशींना अनुमोदन. आमच्या मालकांनी पण आधी नाही म्हटलं होतं, मग मी शेल्फ आणि बाळ दोघांचा एकत्र फोटो पाठवला, दहा मिनिटांत हो आलं.

परवानगी मिळेपर्यंत एक करता येतं, पुढच्या दोन्ही पायांखाली अर्धा सेंमी जास्त पॅकिंग घालून शेल्फ भिंतीकडे अगदी किंचित रेलतं ठेवायचं. पण हा तात्पुरता उपाय आहे, बांधण्याची जागा तो घेत नाही. आणि भिंतीला चिकटवायच्या टेपवाल्या पट्ट्या मिळतात त्यावर मूल सोडू नका, आपल्याकडच्या डिस्टेंपरचा थरच भिंतीवरून सुटून येतो, टेप बिचारी चिकटलेली राहते.

पॅकिंगसाठी पुठ्ठा नको, दबतो, म्हणून तुमचं दोन दिवसांनी परत हललं. प्लायच्या दुकानात सनमायकाचे तुकडे मागा, सॅम्पलचे वगैरे असतात, एकेक तुकडा साधारण १ मिमीचा, एकावर एक रचून हवी तेवढी जाडी अगदी बारीक मोजून मिळते आणि दबत नाही. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप वरच्या फळीवर ठेवून बघा. हे सगळं पुस्तकं अर्धी भरल्यावर एकदा परत करा, कारण भार पडल्यावर शेल्फ पुन्हा थोडं बसतं.

रंधा_पटाशी:

परवानगी मिळाली तर बांधायचं कसं तेही लिहून ठेवतो. तुमच्या भिंतीच्या खाली टाइलचं स्कर्टिंग असेल, त्यामुळे शेल्फ भिंतीला टेकतच नाही, वर एक-दीड सेंमीची फट राहते. त्या फटीत वरच्या टोकाला तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी घाला आणि मग एल पट्टी मारा, नाहीतर स्क्रू आवळताना शेल्फ मागे वाकतं. एल पट्टी शेल्फच्या सगळ्यात वरच्या फळीला लावायची, पण तिथे साधा लाकडाचा स्क्रू नको, भुशातून एका हिसक्यात निघेल. आरपार भोक पाडून नट-बोल्ट आणि खालून मोठा वायसर.

भिंतीत ड्रिल करताना बाहेर येणारी पूड बघा. लाल आली तर वीट आहे, ८ मिमीचा साधा प्लग आणि दोन इंची स्क्रू चालतो, फक्त प्लग प्लास्टरच्या पुढे विटेत गेला पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेला प्लग ओढला की येतो. राखाडी टणक पूड आली आणि ड्रिल पुढे सरकेना तर काँक्रीट, त्याला हॅमरवालं ड्रिल लागतं पण पकड सगळ्यात भारी. आणि पांढरट मऊ पूड भसाभस आली तर ते हलके ब्लॉक आहेत, नव्या इमारतींत तेच असतात, तिथे हॅमर बंद ठेवायचा आणि त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मागून घ्यायचे, साधा प्लग तिथे गोल फिरतो. स्विचबोर्डच्या बरोबर वर, खाली किंवा त्याच्या सरळ रेषेत आडवं कुठेही भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते.

कोपऱ्यातली_वाचक:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आता काय झालं ते सांगते. मालकांना मेसेज केला, त्यांनी दोन भोकांना हो म्हटलं, घर सोडताना बुजवून द्यायच्या अटीवर. शनिवारी प्लाय आणला, कटपीसच मिळाला. रविवारी सकाळी मी आणि नवऱ्याने शेल्फ आडवं केलं. कर्ण मोजले तर एक १९८.५ आणि दुसरा १९५.५, म्हणजे तीन सेंमीचा फरक, मला डोळ्यांनी कधीच कळलं नव्हतं. सुतळी बांधली आणि लाकडी चमच्याने पीळ देत गेले, तर ते करकरत सरळ व्हायला लागलं, नवरा टेप धरून आकडे सांगत होता. १९७ ला दोन्ही आले तेव्हा आम्ही दोघं खरंच ओरडलो. ४२ स्क्रू लागले, तळहाताला फोड आलाय.

दोन फिरणाऱ्यांपैकी एकाचा बाण चुकीचा होता, तो नुसता फिरवून सुटला. दुसऱ्यात काड्या आणि फेविकॉल भरून सोमवारपर्यंत ठेवलं. पूड लाल आली, वीट निघाली. काल संध्याकाळी बांधून झालं, मी माझ्या अंगाचं वजन टाकून ओढून बघितलं, जागचं हललं नाही. पुस्तकं लावताना बाबांच्या एका पुस्तकात त्यांनी वर्तमानपत्राची कात्रणं घडी करून ठेवलेली सापडली, खोक्यात राहिली असती तर कधी दिसली असती कोण जाणे.

एकच शंका उरलीय, मधल्या कप्प्याची फळी थोडी खाली वाकलेली दिसते, ती पण बदलायची का?

खाडीकाठचा:

वा, छान काम केलंत दोघांनी! फळी बदलू नका, उलटी करून लावा, पोट वर येईल आणि भाराने हळूहळू सपाट होईल. भुशाची फळी सततच्या भाराखाली वर्षभर थोडी थोडी वाकतच राहते, म्हणून दर उन्हाळ्यात पुस्तकं झटकायला काढाल तेव्हा उलटत जा. नवीन घ्यायची वेळ आलीच तर लांबीचा विचार करा, तेवढ्याच दाटीने पुस्तकं ठेवली तर दुप्पट लांब फळी दुप्पट नाही, सोळापट वाकते. ८० सेंमी म्हणूनच जरा जास्त आहे, मधोमध खालच्या फळीवर टेकणारी एक उभी पट्टी घातलीत तर प्रश्नच मिटतो, फक्त ती प्रत्येक कप्प्यात एकाखाली एक अशी यायला हवी, म्हणजे भार सरळ जमिनीवर उतरतो.

सॅनहोजेची_मावशी:

बांधलंत हे वाचून फार बरं वाटलं. एल पट्टीचे बोल्ट एका महिन्याने एकदा हात लावून बघा, सुरुवातीला थोडे सैल होतात. आणि खालच्या दोन कप्प्यांत लेकीची पुस्तकं ठेवा, म्हणजे तिला हवं ते हाताशी राहील आणि वर चढायचं कारणच उरणार नाही.